पळताना लागणारी धाप : आधी वेग, मग श्वास

मंदगती

पळायला लागलेल्या माणसाचे पाय नंतर कुरकुरतात, दम आधी संपतो. "दोन मिनिटांत धाप लागते, श्वास नेमका घ्यायचा कसा?" हा प्रश्न पळण्यावरच्या प्रत्येक धाग्यात अधेमधे येतो आणि उत्तरं इकडेतिकडे विखुरतात. म्हणून हा वेगळा धागा. नव्यांनी प्रश्न टाकावेत, जुन्यांनी भर घालावी. "अमुक साली अमुक मॅरेथॉन पळालो" या कहाण्या इथे नकोत, त्यांच्यासाठी दुसरे धागे आहेत.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. नवख्या माणसाला धाप लागते तेव्हा बहुतेक वेळा श्वासाचं तंत्र ठीकच असतं, वेग चुकलेला असतो.

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून. निरोगी माणूस धापा टाकत थांबला आणि लगेच बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा बहुधा ९५ च्या वरच दिसेल. ऑक्सिजन संपलेला नसतो. होतं असं की, पायांच्या स्नायूंना झेपेल त्यापेक्षा वेग जास्त झाला की लॅक्टेट (जोरात काम करणाऱ्या स्नायूंत तयार होणारा पदार्थ) आणि त्यासोबत आम्ल वाढतं. रक्तातलं बायकार्बोनेट ते आम्ल शमवतं आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला श्वास एकदम भडकतो. थोडक्यात तक्रार पायांची, आरडाओरडा छातीचा. सरावाने फुफ्फुसं काही मोठी होत नाहीत. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, आणि त्याच वेगाला कमी श्वास पुरतो. याला काही आठवडे लागतात. श्वासाची कुठलीही युक्ती हे आठवडे वाचवत नाही.

दुसरी गोष्ट, पहिली दोन-तीन मिनिटं कसलेल्या माणसालाही जड जातात. पाय पहिल्या पावलापासून पूर्ण मागणी करतात, हृदय आणि श्वास मागून येतात. नवखे याच खिडकीत पळणं सोडतात. म्हणून सुरुवात अशी करा : ५ मिनिटं साधं चालणं, ३ मिनिटं भरभर चालणं, मग २ मिनिटं इतकं हळू पळणं की शेजारून जोरात चालणारे काका पुढे निघून जातील. जाऊ द्या त्यांना.

वेग बरोबर आहे का हे बोलून बघायचं. पळता पळता स्वतःचा दहा आकडी मोबाइल नंबर मोठ्याने म्हणा. एका दमात सगळा सुटसुटीत म्हणता आला तर वेग बरोबर. मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला तर वेग वरच्या टोकाला आहे, आणखी वाढवू नका. दोन-दोन आकड्यांनी तुटायला लागला तर चालायला लागा. एकटं बडबडायची लाज वाटत असेल तर कानाला फोन लावल्याचं सोंग करा.

पहिले दोन आठवडे : १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. आधी वरचा वॉर्मअप, शेवटी ५ मिनिटं चालणं. आठवड्यातून ३ दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. पुढचे दोन आठवडे २ मिनिटं पळणं, २ चालणं, ६ वेळा. मग ३ आणि १, सहा वेळा. मग ५ आणि १, चार वेळा. प्रत्येक वेळी बेरीज चोवीस मिनिटांचीच राहते, फक्त त्यातला पळण्याचा वाटा वाढतो. नवख्याला पाच किलोमीटरपर्यंत नेणाऱ्या काउच टू फाइव्ह के या प्रसिद्ध कार्यक्रमाची सुरुवातही अशीच आहे, ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं. ज्यांना त्याचं ॲप आवडतं त्यांनी ते वापरावं.

यात हमखास चुकते ती एक गोष्ट. चालायला लागायचं ते धाप लागायच्या आधी, धाप लागली म्हणून नाही. एक मिनिट ठरलंय तर एकाच मिनिटाने थांबा, "अजून जमतंय" वाटलं तरी. आणि चालण्याच्या शेवटी तोंड मिटून नाकाने श्वास जमला पाहिजे. जमत नसेल तर चालणं अर्धा मिनिट वाढवा, पुढचं पळणं आणखी हळू करा.

---

घाटवाट

उत्तम धागा. लयीबद्दल भर घालतो, कारण यूट्यूबवर "दोन पावलं श्वास, दोन पावलं उच्छ्वास" हे मंत्रासारखं सांगतात आणि नवखे त्यात अडकतात.

पावलं आणि श्वास यांची जुळणी ही खरी गोष्ट आहे. ब्रॅम्बल आणि कॅरियर या दोघांनी १९८३ साली सायन्स या नियतकालिकात ती मांडली होती. दौडणारा घोडा एका झेपेला एक श्वास घेतो, त्याला दुसरा पर्याय नाही. माणूस दोन पायांवर असल्यामुळे मोकळा आहे, त्याची जुळणी वेगवेगळ्या प्रमाणांत बसते. सगळ्यांत जास्त दिसते ती चार पावलांना एक पूर्ण श्वास, म्हणजे दोन पावलं आत, दोन बाहेर. पण सरावलेल्यांत ती लवकर बसते, नवख्यांत उशिरा बसते किंवा बसतच नाही. ती सरावाने येते. जबरदस्तीने बसवायला गेलात तर उलट गुदमरल्यासारखं होतं.

आता हिशोब. आधी आपली पावलं मोजा : ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजून चारने गुणा. ४० वेळा टेकला तर मिनिटाला १६० पावलं. या १६० वर

तीन आत, तीन बाहेर : मिनिटाला साधारण २७ श्वास
तीन आत, दोन बाहेर : ३२
दोन आत, दोन बाहेर : ४०
दोन आत, एक बाहेर : ५३

यातली पहिली दोन सावकाश पळण्याची, तिसरी दम लावून पळण्याची, चौथी शर्यतीच्या शेवटच्या टप्प्याची. नवख्याचा श्वास आपोआप दोन-एकवर गेला असेल तर त्याने लय सुधारायच्या भानगडीत पडू नये, वेग कमी करावा. लय हा स्पीडोमीटर समजा. त्याच्याकडे बघायचं, काटा हाताने वाकवायचा नाही.

शिकायचंच असेल तर चालताना शिका. आठवडाभर भरभर चालताना रोज पाच मिनिटं तीन-तीन मोजा. मग पळण्याच्या मिनिटात फक्त उच्छ्वास मोजा : "एक-दोन-तीन" बाहेर. श्वास आत घ्यायचं मोजू नका, तो आपसूक येतो. एका मिनिटात दोनदा मोजणी चुकली तर सोडून द्या, त्या दिवशी वेग जास्त आहे.

तीन-दोनवाल्यांचा दावा असा की दोन-दोनमध्ये उच्छ्वास दर वेळी एकाच पायावर सुरू होतो, विषम लयीत पाय बदलत राहतो आणि म्हणून दुखापती कमी होतात. पाय बदलतो हे खरं. दुखापतींचं छातीठोकपणे सांगावं इतका पुरावा नाही. सोयीची वाटली तर वापरा.

---

नाचणीची_भाकरी

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. सगळे म्हणतात "पोटाने श्वास घ्या". पोटात तर हवा जात नाही. मग नक्की करायचं काय? आणि पळताना पोट आत धरायचं की सोडायचं?

---

फिजिओ_नाशिक

@नाचणीची_भाकरी, बरोबर पकडलंत, हवा छातीतच जाते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली सरकलं की पोटातल्या अवयवांना जागा करून द्यावी लागते, म्हणून पोट पुढे येतं. दिसतं पोट, काम करतं श्वासपटल.

उताणे झोपा, गुडघे वाकवून पाय टेकवा. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. नाकाने श्वास घ्या, खालचा हात उचलला गेला पाहिजे, वरचा जवळपास स्थिर. सोडताना ओठांचा चंबू करून फुंकर घातल्यासारखा सोडा, घेण्यापेक्षा थोडा लांब. ५ मिनिटं, दिवसातून एकदा. जमलं की बसून, मग उभ्याने, मग चालताना. उभ्याने करताना हात बरगड्यांच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी ठेवा, अंगठे मागे. बरगड्या बाजूला फाकल्या पाहिजेत. पळताना नुसतं पोट फुगवण्यापेक्षा हेच जास्त कामाचं, कारण पोटाचे स्नायू तेव्हा थोडे ताणलेले असतातच. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : आत ओढून धरू नका, ढिलं सोडूनही देऊ नका. सरळ उभं राहिल्यावर जेवढं असतं तेवढंच.

खोल श्वासाचा फायदा आकड्यांत बघा. दर श्वासातले सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिकेत आणि तिच्या फांद्यांतच राहतात, त्यांचा उपयोग नाही. आता मिनिटाला ९ लिटर हवा दोन प्रकारे घेऊ. ३०० मिलिलिटरचे ३० श्वास घेतले तर साडेचार लिटर वाया, साडेचार कामाचे. ६०० चे १५ घेतले तर सव्वादोन वाया, पावणेसात कामाचे. पळताना आकडे याच्या कितीतरी पट असतात, पण गणित तेच. उथळ आणि भराभर श्वास म्हणजे कष्ट जास्त, माल कमी.

ज्याकडे कुणी बघत नाही ते : कपडे. स्पोर्ट्स ब्राचा पट्टा बरगड्यांवर आवळून बसला की बरगड्या फाकतच नाहीत. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, तीही पूर्ण श्वास आत घेतलेला असताना. दुकानात उभ्याने निवांत श्वासावर घालून बघितलेली ब्रा पळताना घट्ट होते. पुरुषांचं तेच ट्रॅकपँटच्या नाडीचं आणि फोन ठेवायच्या कमरपट्ट्याचं. पट्टा बेंबीवर न बांधता कमरेच्या हाडावर बांधा.

खांदे कानाकडे चढलेत का हेही दर पाच मिनिटांनी बघा. चढले असतील तर हात खाली सोडून दोनदा झटका. मुठी वळू नका. खांदे चढले की मानेचे स्नायू श्वासाच्या कामाला लागतात आणि लवकर थकतात.

---

प्राणवायू

मूळ मुद्दा राहिला. श्वास नाकानेच घ्यायला हवा. आपल्याकडे प्राणायामात हेच सांगितलंय. तोंडाने श्वास घेणारे घसा बसवून घेतात. रोज पळण्याआधी दहा मिनिटं भस्त्रिका आणि कपालभाती केली तर दमाचा प्रश्नच उरत नाही.

---

मंदगती

@प्राणवायू, अर्धं पटलं, अर्धं नाही.

नाकाचे फायदे खरे आहेत. हवा गाळली जाते, गरम आणि दमट होऊन आत जाते. पण नाकाची वाट अरुंद आहे. बसल्या जागी आपल्याला मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा लागते. ती ३५-४० लिटरच्या आसपास गेली की बहुतेकांचं तोंड आपोआप उघडतं. सावकाश पळतानाही नवखा माणूस हा आकडा ओलांडतो. तेव्हा तोंड दाबून ठेवण्यात शहाणपण नाही. दोन्हींनी घ्या : ओठ किंचित उघडे, जबडा सैल, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं. जीभ तिथे असली की हवा थेट घशावर आदळत नाही आणि घसा कमी कोरडा पडतो.

नाकाचा उपयोग आहे तो लगाम म्हणून. वॉर्मअप आणि चालण्याचे तुकडे फक्त नाकाने करा. ज्या वेगाला नाक पुरतं तो वेग नक्की सावकाश असतो.

पळण्याच्या तोंडावर भस्त्रिका मात्र नको. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. त्या अवस्थेत रस्त्यावर पळायला निघायचं कशाला? प्राणायाम संध्याकाळी किंवा पळणं झाल्यावर निवांत करा. श्वासावर ताबा येतो, मन थाऱ्यावर येतं, हे फायदे आहेतच. पायांतले मायटोकॉन्ड्रिया मात्र त्याने वाढत नाहीत.

---

प्राणवायू

लगामाचा मुद्दा मान्य. भस्त्रिकेनंतर निदान १५ मिनिटं जाऊ द्यावीत असं म्हणतो.

---

सोलापुरी_चादर

कुशीत कळ येते त्यावर कुणीतरी लिहा. श्वास बरा असतो, आणि अचानक बरगडीखाली उजवीकडे सुरी खुपसल्यासारखं होतं.

---

घाटवाट

नक्की कारण अजून वादात आहे. श्वासपटलाला रक्त कमी पडतं हा जुना समज. पोटातल्या अवयवांना धरून ठेवणारे बंध ताणले जातात हा दुसरा. पोटाच्या आतल्या अस्तराला घर्षणाने त्रास होतो हा सध्या जास्त मानला जाणारा. कारण काहीही असो, कळ कशाने वाढते ते बऱ्यापैकी माहीत आहे : भरलेलं पोट, एका दमात ढोसलेलं पाणी, गोड सरबत किंवा फळांचा रस, आणि पोक काढून पळणं.

म्हणून जेवणानंतर किमान दोन तास, तेलकट खाल्लं असेल तर तीन. पळण्याआधी फार तर अर्धं केळं किंवा दोन खजूर, तेही अर्धा तास आधी. पाणी दीड-दोन तास आधी ग्लासभर, निघताना दोन घोट. पळताना तहान लागली तर घोट-घोट. उसाचा रस, कोकम सरबत वगैरे परत आल्यावर.

कळ आलीच तर वेग निम्मा करा किंवा चाला. दुखऱ्या जागी तीन बोटांनी आत आणि वर दाबा, थोडं पुढे वाका आणि ओठांच्या चंबूतून लांब उच्छ्वास सोडा. दहा-बारा श्वास असेच. उजवीकडे दुखत असेल तर उच्छ्वास डावा पाय टेकताना सुरू करून बघा, बऱ्याच जणांना याने उतार पडतो. उतार पडला की लगेच पूर्वीच्या वेगावर उडी नको, पुन्हा दोन मिनिटं सावकाश. कळ बहुधा काही मिनिटांत जाते. थांबल्यावरही तासभर राहिली, किंवा खांद्यापर्यंत जायला लागली, तर ती नेहमीची कळ समजून गप्प बसू नका.

---

ठाणे_खाडी

हवेबद्दल दोन गोष्टी, कारण मुंबई-ठाण्यात श्वासाचा अर्धा प्रश्न हवेचा आहे.

एक, दमटपणा. मे-जूनमध्ये सकाळी सहालाही घाम वाळत नाही. शरीर थंड होण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त वळवतं, पायांना कमी उरतं, त्याच वेगाला नाडी आणि श्वास दोन्ही वाढतात. तब्येत बिघडली असं वाटून घेऊ नका. किलोमीटरचा वेळ विसरा, वर सांगितलेला मोबाइल नंबर म्हणून वेग ठरवा.

दोन, हिवाळा. "सकाळची शुद्ध हवा" हे नोव्हेंबर ते जानेवारीत खरं नाही. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतचा थंड थर वरच्या उबदार थराखाली अडकतो, आणि धूर-धूळ त्यातच कोंडते. ऊन पडून थर मोडेपर्यंत ती हलत नाही. पहाटेचं जे धुकं रम्य दिसतं त्यात बऱ्याचदा कचरा जाळल्याचा धूर मिसळलेला असतो. पुण्यातही नदीकाठी आणि खोलगट भागांत हेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर किंवा पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या सफर या सेवेवर हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक बघता येतो. पण लक्षात घ्या, पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) साठी तो निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी सहाची हवा त्यात नीट दिसत नाही. जवळच्या केंद्राचा तासागणिक पीएम २.५ चा आकडा मिळाला तर तो बघा. माझा नियम : निर्देशांक १०० पर्यंत नेहमीसारखं, १०१ ते २०० मध्ये फक्त सावकाश आणि मोठ्या रस्त्यापासून लांब, २०० च्या वर घरात जिना किंवा दोरीच्या उड्या. दमा असेल त्यांनी १०० लाच थांबावं. एन-९५ लावून पळणं हा उपाय नव्हे. घामाने तो ओला होतो, श्वास ओढावा लागतो, मग माणूस तो हनुवटीवर सरकवतो आणि काहीच साधत नाही.

मोठ्या रस्त्यावरून आतल्या गल्लीत शिरलात तरी फरक पडतो. सिग्नलला उभ्या रिक्षांच्या मागे जागच्या जागी उड्या मारत थांबणं तर बंदच करा.

---

टोरांटो_वारी

इथे उलटा प्रश्न. उणे दहाला बाहेर पडलं की पहिल्या मिनिटातच छाती चिरल्यासारखी होते आणि परत आल्यावर अर्धा तास खोकला. हे नॉर्मल आहे का?

---

फिजिओ_नाशिक

@टोरांटो_वारी, छातीत झोंबणं थंड आणि कोरड्या हवेने होतं. खरा दोष कोरडेपणाचा, श्वासनलिकेचं अस्तर सुकतं. नाकातोंडावरून लोकरीचा किंवा फ्लीसचा गळपट्टा घ्या. सोडलेल्या श्वासाची वाफ त्यात राहते आणि पुढचा श्वास दमट मिळतो. ओला झाला की फिरवून कोरडी बाजू पुढे. वॉर्मअप घरातच करा, १० ते १५ मिनिटं, त्यात तीन-चार वेळा २०-३० सेकंद जोर लावून.

खोकल्याकडे मात्र लक्ष द्या. व्यायामाने श्वासनलिका आकसणं हा प्रकार दमा नसलेल्यांनाही होतो. त्याची खूण म्हणजे त्रास पळणं थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सर्वाधिक होतो : खोकला, छाती आवळणं, श्वास सोडताना शिट्टी. अर्ध्या-एक तासात आपोआप निवळतो. नुसता दम कमी असेल तर उलट, थांबलं की दोन-तीन मिनिटांत सुधारणा दिसते. डॉक्टरांकडे व्यायामाआधीची आणि नंतरची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी) करून निदान होतं. इन्हेलर दिला तर तो साधारण १०-१५ मिनिटं आधी घ्यायचा असतो. मित्राचा उसना घेऊन प्रयोग नको.

तिसरा एक प्रकार कमी ओळखला जातो. श्वास *आत घेताना* घशातून घरघर किंवा शीळ, गळा आवळल्यासारखा, आणि थांबल्यावर पटकन बंद. तिथे स्वरयंत्राजवळची वाट अरुंद होते. यात दम्याचा इन्हेलर उपयोगाचा नाही, श्वासाचे वेगळे व्यायाम शिकवतात. डॉक्टरांना "आत घेताना की सोडताना" आणि "पळताना की थांबल्यावर" ही दोन उत्तरं तयार ठेवून सांगा, निम्मं काम होतं.

---

नाचणीची_भाकरी

आणि सहा-सात आठवडे नेमाने करूनही फरकच पडत नसेल तर?

---

फिजिओ_नाशिक

तर सगळ्यात आधी हिमोग्लोबिन तपासा. विशेषतः बायकांनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली आकडा असेल तर श्वासाची लय बसवत बसण्यात अर्थ नाही, रक्तच ऑक्सिजन कमी वाहून नेतंय. आकडा काठावर असेल तर सोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) करून घ्या. जिना चढताना धाप, केस गळणं, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं, पाळीत जास्त रक्तस्राव, यातलं काही जोडीला असेल तर वाट बघू नका. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, दोन्हींत तासाभराचं तरी अंतर ठेवा. थायरॉइडही त्याच वेळी तपासून घ्यायला हरकत नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांसाठी : कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि अर्धा उतरायलाच चार-पाच तास लागतात. पळण्याआधीची "एकच" सिगारेट म्हणजे रक्तातल्या काही जागा आधीच अडवून निघणं.

आणि पुढचं काही झालं तर त्या क्षणी पळणं बंद, घरगुती उपाय नाहीत : छातीत दाब किंवा दुखणं हात-जबड्याकडे जाणं, चक्कर येऊन पडणं, ठोके अनियमित धडधडणं, सपाट झोपल्यावर धाप लागणं, एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि त्यासोबत दम. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल त्यांनी सुरुवातीआधीच डॉक्टरांना दाखवावं. तापातून किंवा फ्लूतून उठल्यावर आठवडाभर फक्त चालणं.

---

सोलापुरी_चादर

घड्याळ सांगतं नाडी १६५. बोलता मात्र आरामात येतं. कुणाचं ऐकू?

---

मंदगती

तोंडाचं. मनगटावरची घड्याळं प्रकाशाने नाडी मोजतात, आणि पट्टा सैल असेल तर हाताच्या हलण्यालाच नाडी समजतात. पावलं मोजून बघा. तीही १६०-१६५ निघाली तर चोर सापडला. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट करा, किंवा छातीचा पट्टा वापरा. शिवाय "२२० वजा वय" हे सूत्र एकेका माणसासाठी दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं. त्यावरून घड्याळाने पाडलेल्या नाडीच्या रंगीत टप्प्यांवर पहिल्या दोन महिन्यांत डोळे लावू नका.

---

कासपठार

चढाचं राहिलं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नावनोंदणी करून बसलेले नवखे दर वर्षी यवतेश्वरच्या घाटात पहिल्याच वळणावर फुटतात, म्हणून लिहितो.

चढावर वेग धरून ठेवायचा नाही, श्वास धरून ठेवायचा. म्हणजे सपाटीला तीन-तीन चालू असेल तर चढावर दोन-दोनपर्यंत जाऊ द्या. दोन-एक व्हायला लागलं की चाला. पावलं लहान करा पण त्यांची संख्या तीच ठेवा. नजर दहा-पंधरा पावलांवर, कारण माथ्याकडे बघत राहिलं की मान मागे जाते आणि पोक येतो. कमरेतून वाकू नका, घोट्यातून झुका. कमरेत मोडलात की श्वासपटलाला जागा उरत नाही. चालताना लागलं तर हात मांड्यांवर टेकवून चढा, त्यात कमीपणा नाही.

माथ्यावर पोचल्या पोचल्या वेग वाढवायचा मोह होतो. दहा पूर्ण श्वास जाऊ द्या, मग. घाट नसलेल्यांनी उड्डाणपुलाची चढण वापरावी, पण पहाटे आणि फुटपाथ असेल तरच. मुंबईत पेडर रोडची चढण याच कामाची आहे.

---

ठाणे_खाडी

+१. आणि पळणं संपल्यावर एकदम थांबू नये हेही लिहा. पायांत रक्त साचतं आणि चक्कर येते. पाच मिनिटं चालावं. वाकून गुडघ्यांवर हात टेकणं वाईट दिसतं म्हणून शाळेत ओरडायचे, पण श्वास सावरायला ती स्थिती चांगलीच आहे. फक्त तिथेच बसकण मारू नये.

---

नाचणीची_भाकरी

शेवटचा प्रश्न, मग उद्यापासून सुरुवात. गाणी ऐकत पळलं तर चालेल का? नाहीतर त्या एका मिनिटाचा फार कंटाळा येतो म्हणे.

---

घाटवाट

पहिला महिना नको. इअरफोन घातले की स्वतःचा श्वास ऐकू येत नाही, आणि श्वासाचा आवाज हेच नवख्याचं सगळ्यात स्वस्त उपकरण आहे. सावकाश पळताना तो जेमतेम ऐकू येतो, फुसफुस व्हायला लागली की वेग वाढलाय. शिवाय ठेका जलद असला की पाय त्याच्यामागे पळतात. नंतर ऐकायचंच तर एका कानात, रहदारीकडचा कान मोकळा ठेवून. मिनिट मोजायला फोनवर इंटरव्हल टायमर लावा आणि तो कंप पावेल असा ठेवा.